सांध्याची हरवलेली स्प्रिंग



कल्याण स्टेशन सोडून गाडी पुढें निघाली, म्हणजे ती कसाऱ्याच्या अंगाला वळणार कीं कर्जतच्या, हें इंजिनांत बसलेला माणूस ठरवीत नाहीं. तें ठरवितो रुळांचा सांधा. रुळांच्या दोन निमुळत्या जिभा चारपांच इंच इकडच्या तिकडे सरकतात, आणि तेवढ्यानें हजारों माणसांची वाट बदलते. पूर्वीं हें काम सांधेवाला आपल्या हातानें दांडा ओढून करी; आज बहुतेक ठिकाणीं तें विजेच्या यंत्राकडे गेलें आहे. जिभा नीट सरकल्या तर त्यांची कोणाला आठवणहि होत नाहीं. सरकल्या नाहींत, तर सारें स्टेशन अडून बसतें.

आज मी ज्या सांध्यांविषयीं बोलणार आहें ते वीतभर लांबीचे आहेत, आणि ते सरकविणारें यंत्र काड्यापेटीहून फार मोठें नसतें. लहान प्रमाणावर बनविलेल्या आगगाडीचे हे सांधे होत. असलें एखादें यंत्र जुनें झालें, त्यांतला एक बारीक भाग हरवला किंवा जळला, आणि तें बनविणारा कारखानाहि बंद पडलेला असला, तर काय करावें, हा आजचा विषय. मी इंजिनियर नव्हें. मॅट्रिक होऊन शाळेंत मास्तर म्हणून लागलों आणि तेथूनच निवृत्त झालों. तेव्हां जें सांगणार आहें तें पदवीच्या बळावर नसून हातानें करून, आणि एकदोनदां चुकून, शिकलेलें आहे.

अमेरिकेंत व इंग्लंडांत ही लहान आगगाडी केवळ मुलांचें खेळणें राहिलेली नाहीं. प्रौढ माणसें तिच्यासाठीं घराचें तळघर राखून ठेवतात. डोंगर, पूल, स्टेशनें, मालधक्के अशी सारी सृष्टि उभी करतात. अमेरिकेंत सर्वांत अधिक चालणारें प्रमाण म्हणजे एकास सत्त्याऐंशी. त्यांतील दोन रुळांमधलें अंतर साडेसोळा मिलिमीटर असतें. या छंदाच्या लोकांचें राष्ट्रीय मंडळ १९३५ सालीं मिलवॉकी शहरीं स्थापन झालें. रूळ आणि चाकें यांचीं मापें ठरवून देणें, म्हणजे एका कारखान्याची गाडी दुसऱ्या कारखान्याच्या रुळांवर बिनतक्रार धांवावी, हें त्या मंडळाचें मोठेंच कार्य होय. परंतु सांधा सरकविणाऱ्या यंत्राच्या अंतरंगाला असा एक नियम कधीं लागला नाहीं. कोणी भोकें एका अंतरावर पाडलीं, कोणी दुसऱ्या. कोणी स्क्रू एका जातीचा घातला, कोणी दुसऱ्या. आपली सारी अडचण येथेंच उत्पन्न होते.

कांहीं वर्षांपूर्वीं मी मुलाकडे न्यू जर्सींत सहा महिने राहिलों होतों. शेजारीं ऐंशीच्या घरांतले एक गृहस्थ एकटेच राहत. त्यांच्या तळघरांत अशी एक आगगाडी होती. मोठ्या उत्साहानें त्यांनीं ती मला दाखविली. पण एका फाट्यापाशीं येऊन ते थांबले. त्या फाट्यापलीकडे डोंगराच्या कुशींत एक खेडें होतें. त्यांतलीं घरें, चर्च, कुंपणें हें सर्व त्यांच्या दिवंगत पत्नीनें आपल्या हातानें रंगविलेलें. फाट्याचा सांधा बिघडल्यापासून दोन वर्षें त्या खेड्याला गाडी गेली नव्हती. "नवें यंत्र कां बसवीत नाहीं?" असें मीं विचारलें. त्यांनीं वांकून फळीच्या खालची बाजू दाखविली. नव्या यंत्राचीं भोकें निराळीं, उंची निराळी. तें बसवावयाचें तर वरचा डोंगर फोडावा लागणार आणि खालीं उताणें पडून फळी कापावी लागणार. त्यांचे गुडघे आतां तें करूं देत नव्हते. मुलांचें म्हणणें, सगळेंच मोडून टाकावें. यंत्र बनविणारी कंपनी तर केव्हांच बंद झालेली. एकूण पाहतां, दोनतीन बारीक भागांपायीं चाळीस वर्षांची मांडणी जावयाच्या बेतांत होती.

हीं यंत्रें मुख्यतः दोन जातींचीं असतात. जुनी जात दोन वेटोळ्यांची. तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं एकासमोर एक ठेवलेलीं असतात आणि त्यांच्या पोकळींत एक लोखंडी दांडा मोकळा सरकतो. डावीकडच्या वेटोळ्यांत क्षणभर वीज सोडली कीं दांडा डावीकडे ओढला जातो. उजवीकडच्यांत सोडली कीं उजवीकडे. दांडा एका तारेनें किंवा पट्टीनें सांध्याच्या जिभांना जोडलेला असतो. जिभा सरकल्यावर तेथेंच घट्ट राहाव्या म्हणून पुष्कळ यंत्रांत एक बारीक स्प्रिंग असते. विजेच्या दिव्याचें बटण मध्यापर्यंत दाबेतों विरोध करतें आणि मध्य ओलांडला कीं आपणच पलीकडे जाऊन बसतें; ही स्प्रिंग तसेंच काम करते.

दुसरी जात मंद मोटारीची. सर्किट्रॉन या अमेरिकन कंपनीचें टॉर्टॉइज, म्हणजे कासव, या नांवाचें यंत्र या जातींत फार प्रसिद्ध आहे. त्यांत एक छोटी मोटार दांतेरी चाकांच्या द्वारें एक पोलादी तार हळूहळू सरकविते. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाण्यास सुमारें तीन सेकंद लागतात. बाजू गांठल्यावर मोटार अडते, पण वीज चालूच राहते, आणि त्या दाबानेंच जीभ रुळाला टेकून राहते. अडलेल्या स्थितींत ती बारा व्होल्टवर सुमारें पंधरा मिलिॲम्पियर एवढीच वीज घेते; म्हणून ती जळत नाहीं.

दोन वेटोळ्यांच्या यंत्राची गोष्ट नेमकी उलट. वेटोळ्याचा विरोध पांच ओहम व दाब सोळा व्होल्ट धरला, तर वीज तीन ॲम्पियरहून अधिक वाहते व सुमारें एकावन्न वॉट उष्णता निर्माण होते. डाग देण्याचा साधा सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचा असतो. म्हणजे अंगठ्याएवढ्या वेटोळ्यांत तसल्या दोन सळ्या तापविल्यासारखें झालें! पाव सेकंदापुरतें हें चालतें. बटण चिकटून राहिलें कीं तार जळालीच म्हणून समजावें. आमच्या शेजाऱ्यांकडे हेंच झालें होतें. एक वेटोळें जळालें. तें पाहण्यासाठीं त्यांनीं यंत्र उघडलें, तों ती बारीक स्प्रिंग उडून कोठें गेली ती गेलीच. आणि एक स्क्रूहि जमिनीवरच्या जाजमांत नाहींसा झाला. एक वेटोळें, एक स्प्रिंग, एक स्क्रू. या तीन वस्तु मिळविण्याच्या तीन निरनिराळ्या रीति आहेत, म्हणून त्या क्रमानें सांगतों.

पण त्याआधीं एक सूचना. सांधा सरकत नाहीं म्हणजे यंत्रच बिघडलें, असें धरून चालूं नये. प्रथम यंत्र आणि जिभा यांना जोडणारी तार सोडवावी व जिभा बोटानें सरकवून पाहाव्या. पुष्कळदां रुळांमध्यें पसरलेल्या खडीचा एखादा कण किंवा वाळलेल्या डिंकाचा थेंब जिभेखालीं अडकलेला असतो. जिभा मोकळ्या असतील तर यंत्राच्या टोंकांशीं विजेचा दाब मोजावा. तार तुटली असेल किंवा टांका सुटला असेल तर तेथें कळतें. या दोन्ही परीक्षा उतरल्यावरच यंत्राला हात घालावा. उघडतांना तें एका उथळ ताटांत, पांढऱ्या फडक्यावर ठेवावें. आणि स्प्रिंग असण्याचा संभव असेल तर पारदर्शक पिशवींत हात घालून उघडावें, म्हणजे उडालेली वस्तु पिशवींतच राहते. प्रत्येक पायरीला एक छायाचित्र घ्यावें. आतां खिशांतल्या टेलिफोननेंहि तें निघतें, तेव्हां आळसाला सबब उरलेली नाहीं.

आतां वेटोळें. दोन वेटोळ्यांच्या यंत्राला तीन टोंकें असतात. मधलें दोघांना सामाईक. मल्टिमीटरची एक सुई मधल्या टोंकाला व दुसरी बाजूच्या टोंकाला लावली कीं त्या बाजूच्या वेटोळ्याचा विरोध कळतो. आमच्या यंत्रांत एका बाजूला पांच ओहम मिळाले व दुसऱ्या बाजूला कांहींच मार्ग नव्हता. म्हणजे तार आंतून तुटलेली. असा भाग सुटा विकत मिळणें कठीण. तो मिळतो दुसऱ्या बिघडलेल्या यंत्रांत. अमेरिकेंत जुन्या गाड्यांचे बाजार भरतात. पेनसिल्व्हानिया प्रांतांत यॉर्क येथें एप्रिल व ऑक्टोबर असा वर्षांतून दोनदां भरणारा बाजार त्यांत विशेष नांवाजलेला आहे. लहान गांवांतूनहि शाळेच्या किंवा चर्चच्या दिवाणखान्यांत असे बाजार भरतात, आणि तेथें मेजाखालच्या खोक्यांत बिघडलेलीं यंत्रें पिशवीच्या भावानें मिळतात. आम्ही अशाच एका जवळच्या बाजारांत गेलों.

येथें थोडा विचार कामीं येतो. ज्याचें यंत्र जळालें, त्याचीं बहुधा दोन्ही वेटोळीं एकदम जळत नाहींत. ज्या बाजूचें बटण चिकटलें तेवढेंच जळतें. म्हणून आपलें डावें जळालें असेल तर ज्याचें उजवें जळालें आहे असें निकामी यंत्र शोधावें; दोन मेलेल्यांतून एक जिवंत होतें. मात्र विकत घेण्यापूर्वीं तेथल्या तेथें मीटर लावून पाहावा. बाहेरून सारखीं दिसणारीं यंत्रें निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या तारेचीं बनविलेलीं असूं शकतात. विरोध जवळजवळ सारखा आला तरच घ्यावें. जळक्या लाखेचा वास नाकालाहि कळतो. आम्हांला सातव्या यंत्रांत पांच ओहमचें वेटोळें सांपडलें.

समजा, असें यंत्र मिळालें नाहीं, तर वेटोळें पुन्हा गुंडाळतां येतें. आपल्याकडे पंख्याच्या व पंपाच्या मोटारी गुंडाळून देणारे कारागीर प्रत्येक पेठेंत आहेत. त्यांना हें काम नवें नाहीं. त्यांना दोनच गोष्टी नीट सांगाव्या लागतात: लाख खरवडल्यावर तारेची जाडी किती भरते, आणि शाबूत वेटोळ्याचा विरोध किती आहे. त्याच जाडीची तार तेवढ्याच जागेंत भरली कीं वेढे आपोआप जवळपास तितकेच बसतात.

दुसरा भाग स्क्रू. दिसावयास सर्वांत क्षुद्र, पण माणसाला सर्वांत जास्त फसविणारा. शेजाऱ्यांनीं हरवलेल्या स्क्रूच्या जागीं घड्याळजीकडून आणलेला दोन मिलिमीटरचा स्क्रू घालण्याचा यत्न पूर्वींच केला होता. तो दोन आटे गेला, मग अडला, आणि जोर केल्यावर भोंकांतले आटेच खरवडले जाऊं लागले. असें कां व्हावें? स्क्रूचीं मापें दोन: त्याची जाडी, आणि दोन आट्यांमधलें अंतर. अमेरिकन लहान यंत्रांत पुष्कळदां येणारा स्क्रू 'दोन-छप्पन' नांवाचा. त्याची जाडी २·१८ मिलिमीटर व इंचाला ५६ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलें अंतर ०·४५ मिलिमीटर. दोन मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूचें हेंच अंतर ०·४० मिलिमीटर. इंग्लंडच्या जुन्या यंत्रांत येणारा 'आठ बी. ए.' स्क्रू २·२ मिलिमीटर जाडीचा, अंतर ०·४३ मिलिमीटर. हे तिघे डोळ्यांना भावंडें दिसतात, पण एकाच्या भोंकांत दुसरा सरळ जात नाहीं.

या 'बी. ए.' मालेविषयीं, गणिताचा मास्तर म्हणून, मला एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ब्रिटिश असोसिएशन या विद्वत्सभेनें १८८४ सालीं ही माला सुचविली, ती स्वित्झर्लंडांतील घड्याळांच्या व सूक्ष्म यंत्रांच्या स्क्रूंवरून. तींतल्या शून्य नंबराच्या आट्यांचें अंतर बरोबर एक मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक नंबराचें अंतर मागच्याच्या नऊदशांश. नऊदशांशाचा आठवा घात करून पाहा: ०·४३ येतो, आणि तोच आठ नंबराच्या स्क्रूचें अंतर. शाळेंत भूमितिश्रेढी शिकवितांना हें उदाहरण मला ठाऊक असतें तर किती बरें झालें असतें!

आटे मोजण्यास मोठें उपकरण लागत नाहीं. त्याच यंत्रांतला शाबूत स्क्रू घ्यावा, मऊ कागदावर दाबून लोळवावा आणि उमटलेल्या रेघा भिंगाखालीं मिलिमीटरच्या पट्टीशीं मोजाव्या. पांच मिलिमीटरांत अकरा रेघा आल्या तर तो दोन-छप्पन. साडेबारा आल्या तर मेट्रिक. स्क्रू आंखूड असेल तर मिळतील तेवढे आटे मोजून हिशेब करावा. मग दुकानांत जाऊन "असाच एक द्या" असें म्हणण्याऐवजीं नांवानें मागावा. पहिले आटे नेहमीं बोटांनींच फिरवावे. बोटांनीं जात नसेल तर तो स्क्रू त्या भोंकाचा नव्हे. आमच्या यंत्राच्या भोंकांतले आटे सुदैवानें पुरते गेले नव्हते. दोन-छप्पनचा टॅप हलकेच फिरवितांच ते सरळ झाले.

तिसरी वस्तु स्प्रिंग. ती कोणत्याच खोक्यांत मिळाली नाहीं. मिळालेल्या यंत्रांतल्या स्प्रिंगा गंजून मोडलेल्या होत्या. तेव्हां ती बनविणें भाग होतें. येथें मी स्वतः चुकलों, ती चूक सांगण्यासारखी आहे. तळघरांत त्याच जातीचें एक चालतें यंत्र होतें. त्यांतली स्प्रिंग पाहून मीं तिची लांबी, रुंदी व वेढे मोजले, आणि तार डोळ्यांनींच अदमासून ०·४ मिलिमीटरची वापरली. स्प्रिंग सुबक झाली. पण यंत्र बसवून बटण दाबलें, तों दांडा नुसता थरथरला. जीभ जागची हलेना. वेटोळ्याची ओढ त्या स्प्रिंगेला पुरी पडत नव्हती.

रात्रीं विचार केला तेव्हां कारण ध्यानांत आलें. अशा गुंडाळलेल्या स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणें वाढतो. दुसऱ्या दिवशीं मायक्रोमीटर लावला, तर मूळ तार ०·३ मिलिमीटर भरली. चारास तीनानें भागून त्याचा चौथा घात घेतला तर तीनहून किंचित् अधिक येतो. एक दशांश मिलिमीटरच्या अदमासानें मीं स्प्रिंग तिप्पट ताठ करून ठेविली होती! तेव्हां अशा कामांत लांबी अदमासानें घेतली तर एक वेळ चालेल, पण तारेची जाडी मोजल्यावांचून कधींहि घेऊं नये.

मग ०·३ मिलिमीटरची चांगली पोलादी तार कोठें मिळावी? ती मिळाली वाद्यांच्या दुकानांत. गिटारच्या वरच्या तारा साध्या पोलादाच्या असतात व त्या इंचाच्या सहस्रांशांत मापून विकतात. बारा सहस्रांशाची तार म्हणजे ०·३०५ मिलिमीटर. आम्हांला हवी तीच. आपल्या सतारीच्या पोलादी तारा याच कुळांतल्या, आणि म्हणूनच इंग्रजींत या पोलादाच्या तारेला संगीताची तार असें नांव पडलें आहे. ती गुंडाळण्यासाठीं हव्या त्या व्यासाहून थोडी बारीक सळई घ्यावी, कारण सोडल्यावर वेढे थोडे उलगडतात. तार लाल होईतों कधींहि तापवूं नये. तिचा ताठा तेथेंच संपतो. डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा. तुटलेलें टोंक कोठें उडेल तें सांगतां येत नाहीं.

संध्याकाळीं यंत्र बसविलें. मी फळीखालीं उताणा पडून स्क्रू फिरवीत होतों आणि वरून ते गृहस्थ विजेरी धरून होते. बटण दाबलें; टक्‌ असा आवाज झाला. दुसरें दाबलें, पुन्हा टक्‌. दहा वेळां करून पाहिलें. मग त्यांनीं एक लहानसें इंजिन आणि तीन डबे रुळांवर ठेवले. गाडी फाट्यावरून वळली, डोंगराला वळसा घालून त्या खेड्याच्या स्टेशनांत गेली आणि थांबली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. पुढें त्यांच्या मुलांनीं मोडण्याची गोष्ट काढली नाहीं, एवढें मला ठाऊक आहे.

काम येथेंच संपवून भागलें नसतें. कारण बटण पुन्हा चिकटलें असतें तर सगळी मेहनत पुन्हा जळाली असती. त्यावरचा उपाय सोपा आहे. विजेचा सांठा करणारा एक मोठा कंडेन्सर मध्यें घालावा. तो हळूहळू भरतो आणि बटण दाबतांच एका झटक्यांत वेटोळ्यांत रिकामा होतो. ४७०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर पंचवीस व्होल्टपर्यंत भरला तर त्यांत सुमारें दीड ज्यूल शक्ति सांठते, आणि पांच ओहमच्या वेटोळ्यांतून तींतली बहुतेक सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आंतच वाहून जाते. दांड्याला तेवढा झटका पुरतो. नंतर बटण कितीहि वेळ दाबून धरलें तरी वेटोळ्याला मिळणारी वीज अगदीं थोडी असते. बारीक भाग शोधण्यापेक्षां तो जळूं न देणें केव्हांहि स्वस्त.

मंद मोटारीच्या यंत्रांत अडचणी निराळ्या असतात. तेथें मोटार क्वचितच जाते. हरवतो तो बहुधा तारेला टेकू देणारा सरकता तुकडा, किंवा खुद्द तार. टॉर्टॉइज यंत्राबरोबर येणारी तार २५ सहस्रांश इंच जाडीची असते. फळी जाड असली किंवा सांधा जड चालत असला तर ती वांकते आणि जीभ रुळाला नीट टेकत नाहीं. अशा वेळीं पुष्कळ लोक ३२ सहस्रांशाची तार घालतात. वर सांगितलेला चौथ्या घाताचा नियम येथेंहि लागूं आहे: ती तार सुमारें पावणेतीन पट ताठ होते. टेकूचा तुकडा मात्र प्लॅस्टिकचा असल्यानें घरींहि कापून करतां येतो, किंवा थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतां येतो. त्या छापील वस्तूंविषयीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं त्यांसाठीं नेहमीं वापरलें जाणारें पी. एल. ए. नांवाचें द्रव्य साठ अंश उष्णतेच्या सुमारास मऊ पडतें. म्हणून वेटोळ्याला लागून असलेला भाग त्याचा करूं नये.

येथें कोणी म्हणेल, दुसऱ्या कामाची वस्तु आपल्या कामीं लावणें ही गरिबाची युक्ति आहे. तसें नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षणसंस्थेंत १९४६ सालापासून विद्यार्थ्यांचें एक लघुरेल्वे-मंडळ आहे. त्यांच्या सांध्यांचा व गाड्यांचा सारा कारभार बरीच वर्षें टेलिफोन एक्सचेंजच्या रिलेंवर आणि टेलिफोनच्या तबकड्यांवर चालत असे; हें सामान त्यांना टेलिफोनच्या धंद्यांतूनच मिळालेलें. त्या मुलांतले कित्येक पुढें संगणकशास्त्रांत नांवाजले. ज्या वस्तूचें नांव एक आणि गुण अनेक, तिचे गुण ओळखणें हीच खरी विद्या, आणि ती त्यांना त्या रुळांखालीं मिळाली.

आपल्याकडे हा छंद थोड्यांचा आहे; पण अगदींच नाहीं असें नव्हे. पुण्यास कोथरूड भागांत जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ पासून आहे. तेथें धांवत्या गाड्या पाहावयास मिळतात. मुलांना घेऊन एकदां अवश्य जावें, आणि गाडीकडे पाहतां पाहतां तिला वाट देणाऱ्या सांध्याकडेहि त्यांचें लक्ष वेधावें. परदेशांतून आलेली एखादी गाडी घरांत पडून असेल, तर तिच्या यंत्राचा भाग येथें मिळणार नाहीं असें मानून ती अडगळींत टाकूं नये. विजेच्या सामानासाठीं पुण्याची तपकीर गल्ली आहे, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे. तार वाद्यवाल्याकडे, बारीक स्क्रू घड्याळजीकडे, वेटोळें मोटार गुंडाळणाऱ्याकडे. मात्र त्या दुकानांत जातांना हातांत नुसता मोडका तुकडा नसावा; बरोबर एक चिठ्ठी असावी, आणि तिच्यावर जाडी, लांबी, आट्यांचें अंतर व विरोध हीं चार मापें लिहिलेलीं असावीं. "आगगाडीच्या खेळण्याचा भाग आहे का?" असें विचारलें तर कोणीहि मान हलवून नाहीं म्हणेल. "तीन दशांश मिलिमीटरची पोलादी तार आहे का?" असें विचारलें तर तोच मनुष्य फळीवरून गुंडाळी काढून देईल.

शेवटची गोष्ट. मी परत निघालों तेव्हां त्या गृहस्थांना एक वही करून दिली. तिच्यांत त्यांच्या प्रत्येक यंत्राचा नंबर, वेटोळ्यांचा विरोध, स्क्रूची जात आणि तारेची जाडी लिहिलेली आहे. मागच्या पानाला एका लहान पाकिटांत दोन जादा स्प्रिंगा व चार स्क्रू चिकटविलेले आहेत. त्यांनंतर ती गाडी ज्याच्या हातीं जाईल त्याला एवढ्याश्या वस्तूसाठीं दोन वर्षें थांबावें लागूं नये, हा हेतु. आपल्या घरांत जें जें लहान यंत्र आहे, मग तें शिवणयंत्र असो, घड्याळ असो कीं मुलाची गाडी असो, त्यासाठीं अशी एक वही तें चालूं असतांनाच करून ठेवावी. बिघडल्यावर माप घ्यावयास मूळ वस्तु हातांत राहत नाहीं.